बिऱ्हाडाचें सुख

आसनगांवाहून वाशिंदाकडे जातांना आगगाडीच्या खिडकींतून पाहिलें, तर भाताचीं खाचरें मागें सरलेलीं आणि स्थानकांजवळ मजल्यांवर मजले चढलेले दिसतात. मुरबाड गांवांतही तोच प्रकार. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचें बिऱ्हाड आज अशा इमारतींतच असेल. आजोबांचें घर ओटी-पडवीचें, नातवाचें दोन खोल्यांचें! एकाच जिन्यावर कोणी सुखानें नांदतो, कोणी सदा कुरकुरतो. ह्याचें कारण काय असावें?

प्रथम जागेचा विचार सुचतो. तो खोटा नाहीं, पण अपुरा आहे. १९२० नंतरच्या वर्षांत मुंबईस वरळी, नायगांव, शिवडी इत्यादि ठिकाणीं सरकारी विकास खात्यानें चाळी बांधल्या; त्यांसच बी. डी. डी. चाळी म्हणतात. एका मजल्यावर वीस खोल्या, खोली सुमारें १६० चौरस फुटांची, आणि शौचकूप सामाईक. तेवढ्यांत घरचीं माणसें, शिवाय गांवाकडचा पाहुणा! तरीही पिढ्यान्‌पिढ्या लोक तेथें राहिले. कारण खोल्यांमधली सामाईक वाट हीच त्यांची ओटी होती. मात्र पहांटे शौचकुपापुढें रांगेंत उभें राहणें ज्यांच्या वांट्यास आलें, त्यांस चाळीचें कौतुक सांगूं नये. ऑगस्ट २०२५ मध्यें वरळींतील ५५६ कुटुंबांस ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्यांचा आनंद अगदीं रास्त होता.

आमच्याकडे खरी कसोटी पाण्याची. तानसा, मोडकसागर, भातसा हीं धरणें शहापूर तालुक्यांतलीं. त्यांच्या पाण्यावर मुंबई जगते, आणि वैशाखांत ह्याच तालुक्यांतील पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. इमारतींतही हाच न्याय लहान प्रमाणांत दिसतो. तळच्या टाकींतून पंपानें पाणी गच्चीवरील टाकींत चढवितात व तेथून नळ खालीं उतरतात. टाकीपासून नळ जितका खालीं, तितका पाण्याचा जोर अधिक. म्हणून तळमजल्याच्या नळास धार असते आणि वरच्या मजल्यावर करंगळीएवढी. मोऱ्या कितीही सुंदर असोत, ही वांटणी नीट न बसविल्यास शेजाऱ्यांत वितुष्ट आलेंच.

दुसरी गोष्ट हिशेबाची. १९६३ च्या कायद्याप्रमाणें बांधणाऱ्यानें रहिवाशांची संस्था स्थापून जमीन व इमारत तिच्या नांवें करून द्यावयाची असते. हें झालें आहे कीं नाहीं, हें घर घेणाऱ्या पालकांनीं फरशीच्या रंगाआधीं विचारावें असें आम्हांस वाटतें. जेथें वर्गणीचा पैसा कोठें गेला तें सर्वांस दाखविलें जातें, तेथें जिन्यांतला दिवा सहसा विझलेला राहत नाहीं.

राहिला शेजार. आमच्या परिचयाच्या एका इमारतींत मुरबाडाकडील एक आजीबाई मुलाकडे राहावयास आल्या. दार लावून बसण्याची त्यांस संवय नव्हती. त्या तिसऱ्या मजल्यावरून उतरून जिन्याच्या पायरीवर बसत. वाट अडते, अशी तक्रार सभेंत आली. बराच वाद झाला. शेवटीं एका गृहस्थानें फाटकाजवळ लांकडी बांक आणून ठेवला. आतां सायंकाळीं तेथें चार-पांच आजीबाई वाल सोलीत बसतात, आणि कोणाचा नातू शाळेंतून परतला नाहीं, हें आईबापांआधीं त्यांस कळतें.