संपवाला खासदार

तुमचं ऑफिस लोअर परळला असेल तर लंच-ब्रेकमध्ये एकदा फिनिक्सची ती जुनी चिमणी मान वर करून बघाच. फूड कोर्ट, ब्रँडेड शर्ट, मल्टिप्लेक्स सगळं तिच्या आजूबाजूला उगवलंय. या भागाने १९८४मध्ये एक खासदार दिल्लीला पाठवला होता. त्याची गोष्ट आपल्या पिढीला फारशी माहीत नाही. माहीत असलीच तर एका ओळीत : ‘दत्ता सामंत? ज्यांनी गिरण्या बंद पाडल्या ते?’

एवढं सोपं नाहीये ते.

डॉ. दत्ता सामंत सिंधुदुर्गातल्या देवबागचे. एमबीबीएस करून घाटकोपरला दवाखाना टाकला. पेशंट कोण, तर आसपासच्या दगडखाणीतले मजूर. त्यांची दुखणी औषधाने बरी होणारी नव्हती, मूळ पगारात होतं. डॉक्टर युनियनमध्ये शिरले ते असे. गंमत म्हणजे ते काँग्रेसचे, इंटकचे. १९७२मध्ये काँग्रेसच्याच तिकिटावर आमदार झाले आणि आणीबाणीत त्याच पक्षाच्या सरकारने त्यांना तुरुंगात टाकलं! १९७७मध्ये बाहेर आले ते आणखी मोठे होऊन.

त्यांची स्टाइल प्रसिद्ध होती. कंपनीचा ताळेबंद बघून मागणी ठरवायची नाही. कामगाराला किती लागतं ते बघायचं आणि तेवढं मागायचं. आज कुणी अप्रेझलला असं बोलून बघावं. पण इंजिनिअरिंग कंपन्यांत त्यांनी अशी घसघशीत पगारवाढ मिळवली की गिरणीवाल्यांना आपला पगार टोचायला लागला. ऑक्टोबर १९८१मध्ये बोनसवरून बिनसलं, तेव्हा कामगार मोर्चा घेऊन थेट घाटकोपरला डॉक्टरांच्या दारात.

आडवा आला कायदा. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार मालकांशी बोलणी करायचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनला, आणि ती होती काँग्रेसच्या गोटातली राष्ट्रीय मिल मजदूर संघ. म्हणजे अडीच लाख लोक ज्याच्या मागे, त्याला टेबलावर खुर्चीच नाही. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तो पगारासाठी होता, तितकाच हा कायदा मोडण्यासाठी.

माझं आजोळ येरमाळ्याचं. तिथे आमच्या गल्लीतले एक आजोबा तेव्हा परळला साच्यावर होते. संप लांबला तशी खोली भावकीतल्या एकाकडे सोपवून गावी परतले. येडेश्वरीच्या चैत्री यात्रेला येणारा प्रत्येक जण विचारायचा, ‘संप मिटला का?’ दोन वर्षं त्यांनी एकच उत्तर दिलं म्हणे : ‘डॉक्टरसाहेब सांगतील तवा.’ गावी भाकरी होती म्हणून संप इतका टिकला. आणि मला वाटतं, म्हणूनच मालकांनाही घाई नव्हती. भिवंडीच्या पॉवरलूमवर कापड विणून मिळत होतंच. माघारीची वाट सामंतांनी ठेवली नव्हती, हा त्यांच्यावरचा आरोप मला तरी खोडता येत नाही. सरकारने १९८३मध्ये १३ गिरण्या ताब्यात घेतल्या, पण सामंतांशी वाटाघाट नाही म्हणजे नाही.

मग आली डिसेंबर १९८४ची निवडणूक. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची लाट, काँग्रेसला चारशेवर जागा. मुंबईतल्या सहापैकी पाच जागा काँग्रेसने मारल्या, त्यात सुनील दत्तही निवडून आले. सहावी, दक्षिण-मध्य मुंबई, अपक्ष दत्ता सामंतांची. ज्यांची नोकरी त्यांच्या शब्दावर गेली, त्याच वस्त्यांनी त्यांना मतं दिली. फसवला गेलेला माणूस असं मत देतो का? निदान मला तरी ते कोडं वाटत नाही. संपाबद्दल कामगारांना गुप्त मतदान करायची संधी कुणी दिली नव्हती. ती त्यांनी लोकसभेच्या मतपेटीत शोधली.

पण दिल्लीत एकटा अपक्ष काय करणार? सरकार भक्कम, कायदा तसाच. गेलेल्या नोकऱ्या परत आल्या नाहीत. १९८९ला ही जागा शिवसेनेकडे गेली. १९९१च्या नियमांनी गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट उघडली. पालिकेला एक वाटा, म्हाडाला एक, मालकाला एक असं गणित होतं. २००१च्या बदलाने ते फक्त मोकळ्या जागेपुरतं उरलं. आपल्या ऑफिसांचे मजले त्यातून उभे राहिले.

१६ जानेवारी १९९७ला पवईत घराजवळ सामंतांवर गोळ्या झाडल्या गेल्या. संपाला पंधरा वर्षं व्हायला दोन दिवस कमी होते. तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नव्हता.

गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाची लॉटरी २०१२मध्ये निघाली, ६,९२५ घरांची. अर्ज कितीतरी पट. अट अशी, की १ जानेवारी १९८२ला किंवा त्यानंतर तुम्ही नोकरीत हवे. येरमाळ्याच्या आजोबांचं हजेरीकार्ड पत्र्याच्या पेटीत शाबूत होतं. फॉर्म त्यांच्या मुलाने भरला. नंबर लागलेला नाही.