आवाजाची वाट

गोरेगावात १९७७ साली चित्रनगरी उभी राहिली. चित्रीकरणापूर्वी ध्वनिमुद्रक मायक्रोफोनपासून यंत्रापर्यंतची सारी जोडणी क्रमाने तपासतो. तीच शिस्त घरच्या संगणकासही उपयोगी पडते.

गोरेगावातीलच एका नातीने आजीच्या जात्यावरच्या ओव्या संगणकावर मुद्रित करण्याचे योजिले. आजी गाऊ लागली. पण मायक्रोफोन सापडत नसल्याची सूचना पडद्यावर आली. अशा वेळी मायक्रोफोनच बिघडला, असे मानण्याची घाई करू नये.

मायक्रोफोन ध्वनिलहरींचे विद्युत्संदेशात रूपांतर करतो. तो संदेश तारेतून संगणकात जातो व तेथे त्याचे अंक बनतात. या वाटेत कोठेही खंड पडला, की आवाज पोचत नाही. म्हणून शोध बाहेरून आत घ्यावा.

प्रथम पिन पाहावी. पुष्कळ संगणकांवर मायक्रोफोनचे सॉकेट गुलाबी आणि स्पीकरचे हिरवे असते. मग सेटिंग्जमध्ये तोच मायक्रोफोन निवडला आहे काय व त्याच्या वापरास परवानगी दिली आहे काय, हे पाहावे. शेवटी ड्रायव्हर, म्हणजे मायक्रोफोनची ओळख संगणकास करून देणारा प्रोग्राम, पुन्हा बसवावा. एका वेळी एकच बदल करावा. म्हणजे दोष नेमका कोठे होता ते कळते.

नातीने पाहिले, तो पिन हिरव्या सॉकेटात होती! ती गुलाबी सॉकेटात बसवताच पडद्यावरची आवाजाची रेघ हलू लागली, आणि आजीने पहिली ओवी पुन्हा आरंभिली.