कै. अण्णासाहेब किर्लोस्करांचें अपूर्ण ‘रामराज्यवियोग’

कै. बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर (१८४३–१८८५) यांचें ‘रामराज्यवियोग’ हें संगीत नाटक तीन अंकांवरच थांबलें, हें सर्वश्रुत आहे. यावरून कवीनें विषय मध्येंच सोडला, असा ग्रह होण्याचा संभव आहे. परंतु त्यांची प्रयोगपद्धति पाहतां तो टिकत नाहीं.

‘शाकुंतला’चा पुण्यास ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं झालेला पहिला प्रयोग प्रथमच्या चार अंकांचाच होता, उरलेले अंक मागाहून बसविले गेले. ‘सौभद्रा’चेहि १८ नोव्हेंबर १८८२ रोजीं तीनच अंक झाले, व संपूर्ण नाटक १८८३ सालीं रंगभूमीवर आलें. सिद्ध झालेले अंक आधीं रंगवावे व शेष मागून पुरे करावे, हा त्यांचा परिपाठच दिसतो. ‘रामराज्यवियोगा’चे तीन अंक १८८४ सालीं याच क्रमानें झाले, आणि २ नोव्हेंबर १८८५ रोजीं कवि निवर्तले. म्हणून हें नाटक त्यांनीं टाकलें नसून मृत्यूनें अडविलें, हेंच अनुमान सयुक्तिक ठरतें.

संग्राहकांनीं यावरून एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. जुन्या नाटकमंडळ्यांच्या नकलांत किंवा पदांच्या वह्यांत तिसऱ्या अंकापुढील मजकूर आढळल्यास तो असंभाव्य म्हणून टाकूं नये; तसाच कवीचा म्हणून एकदम स्वीकारूंहि नये. हस्ताक्षर, कागद आणि पदांच्या माथ्यावरील चालींचे निर्देश प्रथम पडताळावे. नाटकाचें नांव नसलेलीं सुटीं पानें रद्दींत जाण्यापूर्वीं एकवार वाचावीं, एवढीच विनंति.