सलाइन उतरल्यानंतर

२० फेब्रुवारी २०२४ रोजी, ऐन एकादशीला, बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातील सोमठाणा येथे सप्ताहातील भगर-आमटीचा प्रसाद घेतलेल्या शेकडो लोकांना विषबाधा झाली. बिबीच्या ग्रामीण रुग्णालयात जागा पुरेना, तेव्हा दोर बांधून उघड्यावरच सलाइन लावावे लागले.

अशा प्रसंगी मोजदाद होते ती वांती-जुलाबांची. रुग्ण घरी परतला की ती संपते. परंतु साल्मोनेला, शिगेला, कॅम्पिलोबॅक्टर यांसारखे जंतू आतड्यात शिरले असतील, तर एक ते चार आठवड्यांनी काहींचे गुडघे, घोटे सुजतात; क्वचित डोळेही लाल होतात. सांध्यातील पाण्यात जिवंत जंतू सापडत नाहीत. जंतूंशी झुंजताना शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यावर उलटलेली असते. ‘एचएलए-बी२७’ हा आनुवंशिक घटक असलेल्यांना धोका अधिक. १९१६ साली जर्मन लष्करी डॉक्टर हान्स रायटर याने अतिसारानंतर असा आजार झालेल्या सैनिकाची नोंद केली होती. नाझी राजवटीतील त्याच्या कृत्यांमुळे पुढे आजाराला दिलेले त्याचे नाव टाकून देण्यात आले, हे योग्यच झाले.

सोमठाण्यात असे घडले, असे येथे म्हणावयाचे नाही; तसे कोणी पाहिले काय, हा प्रश्न आहे. बहुतेकांचा सांधा सहा महिन्यांत वा वर्षभरात पूर्ववत होतो. पण मार्चमध्ये गव्हाच्या सोंगणीला ज्या मजुराला उकिडवे बसता येत नाही, त्याची बुडालेली मजुरी कोणत्या खाती मांडावयाची? गुडघ्याचा दोष तो वाताला देतो, महिन्यापूर्वीच्या जुलाबाला नव्हे. विषबाधेच्या नोंदवहीत महिनाभराने सांध्यांविषयी एक प्रश्न विचारण्यास सरकारला खर्च तो कितीसा येणार?