धुराड्यात ताजी हवा

दुचाकीत: ताजी हवा द्यायला पंप नसतो. एक्झॉस्टच्या नळीत धुराच्या दोन झोतांमध्ये दाब क्षणभर घटतो. रीड व्हॉल्व्ह (एकाच दिशेने उघडणारी झडप) उघडतो, बाहेरची हवा आत ओढली जाते. तिच्यामुळे गरम धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो. न जळलेल्या पेट्रोलचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड.

मोटारीत: काही पेट्रोल गाड्यांत ही हवा विजेचा पंप ढकलतो. थंड इंजिन सुरू होताना थोडाच वेळ चालतो. त्यामुळे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापतो.

नायट्रोजन ऑक्साइड: या हवेने घटत नाहीत.

देशभर धुराचे निकष (भारत स्टेज, बीएस): बीएस-४, १ एप्रिल २०१७, बीएस-६, १ एप्रिल २०२०.

समुद्रकाठचे अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन: खाऱ्या हवेत एक्झॉस्टच्या लोखंडी नळ्या लवकर गंजतात. सांधा गळू लागला की ॲक्सिलरेटर सोडताना सायलेन्सर फटफटतो.