अक्षर की आज्ञा? व्हीएक्सवर्क्स आणि टर्मिनलचे सात पर्याय

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आपण शब्दाचा वापर आणि शब्दाचा उल्लेख यांत फरक करतो. रिक्षावाल्याला 'थांबा' म्हटलं तर रिक्षा थांबते. वहीत 'थांबा' लिहिलं तर काहीच थांबत नाही. शब्द तोच, ऐकणारा त्याला काय मानतो, यावर सगळं अवलंबून. आज हाच प्रश्न आपण यंत्राच्या बाबतीत विचारूया.

उदाहरण घेऊ व्हीएक्सवर्क्सचं. यंत्रांच्या पोटात बसणारी ही ऑपरेटिंग सिस्टिम. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या नासाच्या पाथफाइंडर यानात हीच होती. अशा यंत्राला बहुधा पडदा नसतो, कीबोर्ड नसतो. मग आपण त्याच्या सिरियल पोर्टला वायर जोडतो आणि आपल्या संगणकावरून त्याच्याशी बोलतो. त्या वायरीतून जातात ० ते २५५ मधले आकडे, म्हणजे बाइट. ते आपल्या प्रोग्रॅमपर्यंत पोचण्याआधी वाटेत टर्मिनलचा ड्रायव्हर बसलेला असतो. त्याने काय करायचं हे सात पर्याय ठरवतात, आणि प्रत्येकाला एक आकडा दिलेला आहे:

१ – आलेलं अक्षर परत पाठवायचं, म्हणजे लिहिणाऱ्याला ते दिसतं.
२ – एंटरच्या कळेतून येणारी खूण नव्या ओळीच्या खुणेत बदलायची.
४ – कंट्रोल-एस आलं की पाठवणं थांबवायचं, कंट्रोल-क्यू आलं की पुन्हा सुरू.
८ – बाइटचा सर्वांत वरचा बिट काढून टाकायचा.
१६ – कंट्रोल-एक्स आलं की यंत्र रीबूट करायचं.
३२ – कंट्रोल-सी आलं की शेल नव्याने सुरू करायचा.
६४ – ओळ पुरी होईपर्यंत प्रोग्रॅमला काही द्यायचं नाही.

सगळ्यांची बेरीज १२७. हा टर्मिनल मोड, माणसासाठी. सगळे बंद केले की ०. हा रॉ मोड; आलेला प्रत्येक बाइट जसाच्या तसा पुढे जातो.

यातला ६४ चा पर्याय आपल्या परंपरेला ओळखीचा वाटेल. भर्तृहरी 'वाक्यपदीया'त वाक्यालाच अर्थाचं एकक मानतो. इथेही एंटर दाबेपर्यंत बोलणं पुरं झालेलं नाही. कंट्रोल-एचने अक्षर खोडता येतं, कंट्रोल-यूने सबंध ओळ. माणूस चुकतो, सुधारतो, याची ही सोय आहे.

पण समोर माणूसच नसेल तर? समजा, पोर्टला तापमान मोजणारा सेन्सर जोडलाय आणि तो मोजमाप एका बाइटमध्ये पाठवतो. तापमान झालं २४. सेन्सरच्या लेखी ते मोजमाप. पण कंट्रोल-एक्सचाही आकडा २४च! टर्मिनल मोड चालू असेल तर ड्रायव्हर ती आज्ञा समजतो आणि यंत्र रीबूट होतं. १९ आला की पाठवणं थांबतं. ८ आला की आधीचं मोजमाप खोडलं जातं. वायर चांगली, सेन्सर चांगला, प्रोग्रॅमही बरोबर. गैरसमज फक्त मधल्या माणसाचा.

आता आपल्या मराठीकडे या. यूटीएफ-८ मध्ये 'घ' तीन बाइटांनी लिहितात: २२४, १६४, १५२. आठाचा पर्याय प्रत्येकातून वरचा बिट, म्हणजे १२८, काढून घेतो. शेवटच्या बाइटचे उरतात २४. पुन्हा तीच रीबूटची आज्ञा! 'क'चा शेवटचा बाइट १४९. त्याचे उरतात २१, म्हणजे कंट्रोल-यू, ओळ गायब. सात बिटांत मावणाऱ्या इंग्रजी अक्षरांना धरून केलेला हा करार आहे. आपलं अक्षर त्यात बसत नाही, एवढंच.

मग करायचं काय? पोर्ट उघडल्यावर आयओसीटीएल या फंक्शनने आधीचे पर्याय वाचून जपून ठेवायचे. पलीकडे यंत्र असेल तर ० द्यायचा. माणूस असेल आणि तो मराठी लिहिणार असेल, तर १२७ मधून ८ वजा करून ११९. अर्थात तेव्हाही खोडताना एकेक बाइटच जातो, म्हणून 'क' पुसायला कंट्रोल-एच तीनदा दाबावं लागतं. काम संपलं की जुने पर्याय परत ठेवायचे, नाहीतर पुढच्या माणसाला आपण टाइप केलेलंही दिसणार नाही.

थोडक्यात, आकडा स्वतःहून ना मजकूर असतो ना आज्ञा. त्याला काय मानायचं हे आपणच ठरवतो. म्हणून पर्याय निवडण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: पलीकडे बोलणारं कोण आहे?