दोन हेक्टरांचे घर गेले तेव्हा : किहान्सीच्या बेडकाची गोष्ट आणि आपल्यासाठी काही प्रश्न

या लेखाचा विषय ठरला तेव्हा आमच्यातल्याच एका तरुण कार्यकर्त्याने सरळ विचारले, "माणसांचे इतके प्रश्न पडलेले असताना आफ्रिकेतल्या बेडकांवर लेख कशासाठी?" प्रश्न रास्त आहे. वस्तीत नळाला पाणी नाही, शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, आणि आपण बेडकांची चिंता करायची का? या प्रश्नाला टाळून पुढे जाणे बरोबर नाही. म्हणून आम्ही अशी एक घटना निवडली आहे, जिच्यात एका बाजूला गरीब देशाची विजेची गरज होती आणि दुसऱ्या बाजूला बोटाच्या पेराएवढा एक बेडूक. दोन्ही बाजू नीट समजून घेऊ आणि मग ठरवू.

आधी थोडी पार्श्वभूमी

बेडूक, सॅलॅमँडर आणि गांडुळासारखे दिसणारे, जमिनीखाली राहणारे देवगांडूळ हे सारे उभयचर प्राणी. २०२३ साली जगातल्या ८,००० हून अधिक उभयचर प्रजातींचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ४१ टक्के प्रजाती धोक्यात असल्याचे आढळले. सस्तन प्राण्यांत हे प्रमाण साधारण २७ टक्के, तर पक्ष्यांत १३ टक्के आहे. म्हणजे वाघ आणि गरुड यांच्याबद्दल आपण जितके ऐकतो, त्याहून कितीतरी गंभीर अवस्था बेडकांची आहे.

याचे एक मोठे कारण त्यांच्या कातडीत आहे. बेडूक कातडीतून पाणी घेतो, क्षार घेतो आणि काही प्रमाणात श्वासही घेतो. त्यामुळे पाण्यात मिसळलेले विष, हवेतला कोरडेपणा, नवा रोग हे सगळे त्याच्या शरीरात थेट शिरते. शिवाय अनेक प्रजाती एखाद्या डोंगरावर किंवा एखाद्या ओढ्याकाठीच राहतात. तो ओढा गेला की ती प्रजाती गेली. पळून जायला दुसरी जागा नसते.

किहान्सीची दरी

पूर्व आफ्रिकेतल्या टांझानिया देशात उडझुंग्वा नावाची डोंगररांग आहे. तिच्या कड्यावरून किहान्सी नदी शेकडो मीटर खाली कोसळते. धबधब्याचे पाणी खडकांवर आपटून जे तुषार उडतात, त्यांनी दरीतला थोडासा भाग बारा महिने ओला राहत असे. तिथे शेवाळ, नेचे आणि गवताची दाट गादी तयार झाली होती. हे सगळे क्षेत्र जेमतेम दोन हेक्टर, म्हणजे पाच एकर. आपल्याकडच्या एका मध्यम शेतकऱ्याच्या शेताएवढे.

या पाच एकरांत १९९६ साली संशोधकांना एक पिवळसर, इवलासा बेडूक सापडला. खडबडीत कातडीच्या, टोड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेडकांच्या गटातला हा प्राणी. पूर्ण वाढ झाली तरी लांबी दोन-तीन सेंटिमीटर. त्याची मादी पाण्यात अंडी घालत नाही. शेपटीवाली पिल्ले पाण्यात पोहण्याचा टप्पाच नाही. ती थेट तयार पिल्लांना जन्म देते आणि ही पिल्ले तांदळाच्या दाण्याएवढी असतात. तुषारांच्या जागेत राहतो म्हणून त्याचे इंग्रजी नाव 'किहान्सी स्प्रे टोड' पडले. आपण त्याला तुषार बेडूक म्हणू. जगात दुसरीकडे कुठेही तो सापडला नाही. त्या पाच एकरांत मात्र त्यांची संख्या हजारोंत होती.

अडचण अशी की बेडूक सापडला तेव्हा वरच्या बाजूला धरणाचे काम सुरू झालेले होते.

वीज आणि तुषार

लोअर किहान्सी जलविद्युत प्रकल्प १८० मेगावॅटचा. जागतिक बँक आणि काही युरोपीय देशांच्या संस्थांनी त्यासाठी पैसा दिला होता. टांझानियात तेव्हा बहुसंख्य घरांत वीज नव्हती. दुष्काळ पडला की असलेली वीजही जायची. रुग्णालये, कारखाने, शाळा यांना वीज हवी होती. ही मागणी चुकीची होती असे आम्ही म्हणणार नाही. ज्यांनी कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला आहे, त्यांना विजेचे मोल कुणी शिकवायला नको.

पण प्रकल्पाची रचना अशी होती की धबधब्यावर जाणारे पाणी बोगद्यात वळवायचे आणि खाली वीजघरात न्यायचे. १९९९-२००० मध्ये प्रकल्प सुरू झाला आणि दरीत पडणारे सुमारे ९० टक्के पाणी बंद झाले. तुषार थांबले, ओली गादी सुकू लागली, तिथे कोरड्या जागेतले तण शिरले. बेडकांची संख्या झपाट्याने घसरली.

पाणी वळवले तर दरीतल्या जिवांचे काय होईल, याचा सविस्तर अभ्यास आराखडा पक्का होण्याआधी व्हायला हवा होता. तो उशिरा झाला. तोपर्यंत पैसा खर्च झालेला, करार झालेले, बांधकाम उभे राहिलेले. अशा वेळी अभ्यासातून काहीही निघाले तरी निर्णय मागे घेणे जवळजवळ अशक्य होते. उरते ती फक्त डागडुजी.

डागडुजीचे प्रयत्न

ती डागडुजी मात्र प्रामाणिकपणे झाली, हेही सांगितले पाहिजे. नोव्हेंबर २००० मध्ये ४९९ बेडूक पकडून अमेरिकेत नेण्यात आले. तिथे न्यूयॉर्कचे ब्राँक्स प्राणिसंग्रहालय आणि पुढे टोलेडोचे प्राणिसंग्रहालय यांनी ते सांभाळले. दुसरीकडे दरीत पाइपांचे जाळे टाकून कृत्रिम तुषार सुरू केले गेले. उतारावरून येणाऱ्या पाण्याच्या दाबावरच ते चालत. थोडे पाणी धबधब्याकडे सोडण्याचेही ठरले.

याचा उपयोग झाला. २००३ च्या मध्यापर्यंत दरीतल्या बेडकांची संख्या पुन्हा सुमारे २०,००० वर गेल्याचा अंदाज होता. सगळ्यांना वाटले, जमले! आणि त्यानंतर काही महिन्यांतच बेडूक दिसेनासे झाले. जानेवारी २००४ मध्ये हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच उरले होते. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने हा बेडूक जंगलातून नामशेष झाल्याचे जाहीर केले.

मेलेल्या बेडकांच्या कातडीत कायट्रिड नावाची बुरशी सापडली. त्याच सुमारास धरणातला गाळ सोडण्यात आला होता आणि वरच्या शेतांतली कीटकनाशके पाण्यात आली असावीत, असाही संशय घेतला गेला. नेमका घाव कुणाचा, यावर संशोधकांत मतभेद आहेत. पण एक गोष्ट दिसते. घर आधीच मोडकळीला आलेले होते, म्हणून पुढचा एकच धक्का पुरेसा ठरला. कुपोषित वस्तीत साथ आली तर काय होते, हे आपण पाहिलेले आहे. तसेच हे.

बुरशीचा शोध आणि आफ्रिकेवरचा आरोप

कायट्रिड बुरशीची ओळख विज्ञानाला १९९९ साली झाली. ती बेडकाच्या कातडीत वाढते. कातडीतून होणारी क्षारांची देवाणघेवाण बिघडते, रक्तातले सोडियम-पोटॅशियम घटते आणि शेवटी हृदय बंद पडते. २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासानुसार या रोगामुळे जगात किमान ५०१ प्रजातींची संख्या घटली आणि त्यांतल्या ९० नामशेष झाल्या असाव्यात.

ही बुरशी आली कुठून? २००४ साली दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी संग्रहालयांतले जुने बेडूक तपासले. १९३८ सालच्या एका बेडकात त्यांना ही बुरशी सापडली. तो झेनोपस जातीचा होता. या बेडकाचा इतिहास मजेशीर आहे. १९३० च्या दशकापासून तो दक्षिण आफ्रिकेतून जगभर पाठवला जात होता, कारण त्याच्यावर गर्भचाचणी होत असे. स्त्रीची लघवी टोचल्यावर मादी बेडकाने काही तासांत अंडी घातली, तर ती स्त्री गरोदर आहे असे समजत. हा बेडूक बुरशी अंगावर बाळगतो, पण सहसा आजारी पडत नाही. म्हणून अंदाज मांडला गेला की रोग आफ्रिकेतून, या व्यापारातून जगभर पसरला.

अंदाज पटण्यासारखा होता आणि अनेक वर्षे तो सांगितला गेला. मात्र २०१८ साली अनेक देशांच्या संशोधकांनी जगभरच्या बुरशीचे जनुकीय नमुने ताडून पाहिले. तेव्हा या बुरशीचे मूळ पूर्व आशियात, कोरियाच्या परिसरात असल्याचे दिसले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात ती तिथून पसरू लागली. पसरण्याचे साधन मात्र तेच : बेडकांचा आंतरराष्ट्रीय व्यापार. आफ्रिकेतल्या जुन्या-नव्या नमुन्यांच्या २०२३ च्या अभ्यासातून असेही दिसले की त्या खंडात या बुरशीचे प्रमाण विशेषतः २००० नंतर वाढले. म्हणजे ज्या खंडाला उगमस्थान म्हटले गेले, तो खंड स्वतः नव्याने बळी पडतो आहे.

यातून आपण काय शिकायचे? एखादी गोष्ट मोठ्या नियतकालिकात आली, सगळे सांगतात, ऐकायला पटते, एवढ्यावर ती खरी ठरत नाही. पुरावा तपासावा लागतो आणि नवा पुरावा आला की आपले मत बदलावे लागते. 'रोगाचे मूळ अमुक लोकांत' हे वाक्य तर दोनदा तपासल्याशिवाय कधीच स्वीकारू नये. असे आरोप कुणावर सहज चिकटतात, हे आपल्याला इतिहासाने शिकवले आहे.

परतीची वाट

इकडे प्राणिसंग्रहालयांतही सुरुवातीचे दिवस कठीण होते. रोगांनी आणि खाण्यातल्या कमतरतांनी बेडूक मरत होते, संख्या शंभराच्याही खाली गेली. पाण्याचा दर्जा, उजेड, खाद्यातले किडे असे एकेक कारण शोधत संशोधकांनी ती हजारांवर नेली. २०१० मध्ये १०० बेडूक टांझानियाला परतले. दार-एस-सलाम विद्यापीठात त्यांच्यासाठी खास जागा उभारली होती आणि टांझानियाच्याच लोकांना प्रशिक्षण दिले होते. २०१२ मध्ये, आधी थोड्या संख्येने चाचणी घेऊन, सुमारे दोन हजार बेडूक दरीत सोडण्यात आले. जंगलातून नामशेष ठरलेला उभयचर पुन्हा त्याच्या जागी सोडण्याचे हे जगातले पहिले उदाहरण मानले जाते. पण सोडले म्हणजे वाचले असे नाही. बुरशी तिथे आहेच आणि पाइपांतून उडणारे तुषार कायम चालू ठेवावे लागतात. निसर्गाने फुकट दिलेले काम आता माणसांना रोज, पगारावर करावे लागते आहे.

आपला संबंध

हीच बुरशी आपल्या सह्याद्रीतही आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर पश्चिम घाटातल्या बेडकांवर ती आढळली. तो वाण आशियातलाच आहे आणि आपल्याकडे तसे सामूहिक मृत्यू नोंदले गेलेले नाहीत. पण किहान्सीने दाखवले की घर शाबूत असेल तोवरच हा आधार. आंबोलीच्या सड्यावर राहणारा, २००९ मध्ये वर्णन झालेला आंबोली टोडही अतिशय छोट्या क्षेत्रात जगतो आणि तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. सडा म्हणजे 'पडीक खडक' अशी नोंद एखाद्या अहवालात झाली, तर तिथे काय जगते हे कुणी पाहणारही नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. बेडूक की माणूस, अशी निवड किहान्सीत खरे तर नव्हतीच. वीज आजही तयार होते आणि थोडे पाणी धबधब्यालाही जाते. हाच तोडगा आराखड्याच्या वेळी निघू शकला असता. खर्च कमी झाला असता आणि बेडूक परदेशी पाठवावा लागला नसता. चूक प्रश्न उशिरा विचारण्याची होती. आणि प्रश्न उशिरा विचारले जातात तेव्हा फक्त बेडकाचे घर जात नाही. धरणात, खाणीत, रस्त्यात ज्यांची घरे गेली त्यांनाही हेच ऐकावे लागले आहे की 'आता काम फार पुढे गेले'.

म्हणून आमची तरुण कार्यकर्त्यांना विनंती आहे. आपल्या तालुक्यात एखादा मोठा प्रकल्प येणार असेल, तर पर्यावरण अहवाल मागवा. जनसुनावणीची तारीख माहीत करून घ्या, तिथे हजर राहा आणि आपले म्हणणे लेखी द्या. अहवाल मराठीत मिळाला का, पाणी कुठून कुठे वळणार, खालच्या बाजूला कोण राहते, असे प्रश्न विचारा. खालच्या बाजूला राहणाऱ्यांत माणसेही येतात आणि बेडूकही. दोघांची नोंद काम सुरू होण्याआधी झाली पाहिजे.